बँकेने सीसी (कॅश क्रेडिट) किंवा ओव्हरड्राफ्टची लिमिट अचानक कापली तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं भोसरी एमआयडीसीत शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी पत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "शेठ, तुमचा चेक परत आलाय." रिटर्न मेमोवर कारण होतं 'एक्सीड्स अरेंजमेंट', म्हणजे ठरलेल्या लिमिटपेक्षा रक्कम जास्त. आमची लिमिट ४० लाखांची, उचल ३१ लाखांची आणि चेक होता दोन लाख ऐंशी हजारांचा. परत यायचं कारणच नव्हतं. नेट बँकिंग उघडलं तर लिमिटच्या रकान्यात ४० च्या जागी ३० लाख. दुसऱ्या दिवशी ७ तारीख होती, पगाराची.

त्यानंतर आमच्या गल्लीतले, ओळखीतले बरेच जण असेच कागद घेऊन येऊ लागले. त्यांचे प्रश्न आणि मी त्यांना देतो ती उत्तरं इथे लिहितो आहे. मी वकील नाही, सीएही नाही. रक्कम मोठी असेल तर या दोघांनाही कागद दाखवाच.

लिमिट कापली म्हणजे नक्की काय झालं, हे कसं ओळखायचं?

हे आधी शोधा, कारण 'बँकेने पैसे बंद केले' या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. मंजूर लिमिटच कमी झाली का? लिमिट तीच, पण ड्रॉइंग पॉवर म्हणजे डीपी (माल आणि येणी पाहून प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) घसरली का? लिमिटची मुदत संपून रिन्युअल अडकलं का? की आयकर, जीएसटी किंवा कोर्टाच्या आदेशाने खात्यावर डेबिट फ्रीझ, म्हणजे पैसे काढायला बंदी, आलं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि फ्रीझ असेल तर मॅनेजरशी भांडून काहीच होत नाही, आदेश ज्या कार्यालयातून आला तिथे जावं लागतं.

माझ्याकडे आलेल्या लोकांत सर्वांत जास्त प्रकरणं डीपीची निघाली. समजा लिमिट २५ लाखांची आहे. स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल २४ लाखांचा आणि त्या मालाचे देणे ६ लाख. मग पैसे भरलेला माल १८ लाखांचा. त्यावर २५ टक्के मार्जिन (ज्यावर बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) कापलं की साडेतेरा लाख उरतात. ९० दिवसांच्या आतली येणी १० लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन धरलं तर सहा लाख. डीपी झाली साडेएकोणीस लाख. मंजुरी २५ ची असली तरी उचलता येतात साडेएकोणीसच. आता एका गिऱ्हाइकाचं ४ लाखांचं बिल ९० दिवसांच्या पुढे सरकलं की आणखी २ लाख ४० हजार गेले. बँकेने काहीच 'कापलेलं' नसतं, आकडाच तसा आलेला असतो. मार्जिनचे टक्के प्रत्येकाच्या सँक्शन लेटरमध्ये (मंजुरीपत्रात) वेगळे असतात, म्हणून स्वतःच्या लेटरवरून हा हिशोब दर महिन्याला करा. आणि स्टेटमेंट वेळेवर द्या. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर चाललेली उचल रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अनियमित धरली जाते.

बँकेला असं न सांगता करता येतं का?

लिमिट कमी करायचा किंवा काढून घ्यायचा अधिकार बँकेला आहे. सीसी आणि ओडी (ओव्हरड्राफ्ट) ही मागणी होताच फेडायची कर्जं असतात आणि तसं तुम्ही सही करून मान्य केलेलं असतं. पण अधिकार काढून घेण्याचा आहे, गुपचूप काढून घेण्याचा नाही. हा फरक मी प्रत्येकाला दोनदा समजावून सांगतो.

रिझर्व्ह बँकेने २००३ साली कर्जदात्यांसाठी न्याय्य व्यवहारसंहिता आणली. तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. कर्जाच्या अटींत बदल केला तर कर्जदाराला कळवायचं. आणि कर्ज परत मागण्यापूर्वी किंवा जादा तारण मागण्यापूर्वी करारात लिहिलेल्या मुदतीची नोटीस द्यायची. करारात मुदतच नसेल तर वाजवी मुदतीची.

त्याच संहितेत बँकेच्या बाजूचंही लिहिलेलं आहे आणि ते लपवून उपयोग नाही. लिमिटपेक्षा जास्तीची उचल मंजूर करणं न करणं, ठरलेल्या कामाव्यतिरिक्त काढलेले चेक वटवणं, एनपीए (थकीत) झालेल्या किंवा अटी मोडलेल्या खात्यातून उचल थांबवणं, या गोष्टी बँकेच्या मर्जीवर असल्याचं करारात स्पष्ट लिहावं, असं ती सांगते. म्हणून पहिला कागद बाहेर काढायचा तो सँक्शन लेटर आणि त्यामागची अटींची पानं. बारीक अक्षरातली. चष्मा लावून एक एक ओळ वाचा; आपल्याकडे ती पानं कपाटात जातात ती संकट येईपर्यंत तिथेच राहतात.

'कोणतीही पूर्वसूचना न देता रद्द करता येईल' असं कलम माझ्या लेटरमध्ये आहे. मग संपलंच की?

संपलं नाही. हे कलम जवळजवळ सगळीकडे सापडेल आणि त्याचं एक कारण तुमच्याशी संबंधित नाही. न उचललेल्या लिमिटसाठीही बँकेला भांडवल बाजूला ठेवावं लागतं, आणि बिनशर्त कधीही रद्द करता येणाऱ्या लिमिटसाठी ते कमी ठेवलं तरी चालतं. त्यामुळे हे वाक्य छापील मसुद्यातच असतं. तुमच्यावर अविश्वास म्हणून ते घातलेलं नसतं. या कलमाच्या जोरावर बँक न उचललेली रक्कम थांबवू शकते. पण जी रक्कम तुम्ही आधीच उचलली आहे ती एका रात्रीत भरा म्हणायचं असेल तर वाजवी मुदतीचा मुद्दा उरतोच. तुमच्या पत्रात जोर तिथे द्या.

पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी चेक. कुणाकुणाला पुढच्या तारखेचे चेक दिलेत, कुठले ईएमआय आणि विम्याचे हप्ते ऑटो डेबिटवर आहेत, याची यादी करा आणि ज्यांचे चेक दोन-चार दिवसांत क्लिअरिंगला पडणार आहेत त्यांना स्वतः फोन करा. मुलाला किंवा अकाउंटंटला करायला लावू नका. "भाऊ, बँकेचा घोळ झालाय, चेक आठ दिवस थांबवा, मी आज अर्धे एनईएफटी करतो" हे मालकाच्या तोंडून ऐकलं की बहुतेक लोक थांबतात. तेच चेक परत गेल्यावर सांगितलं तर थांबत नाहीत.

मग शाखा. फोनवर नाही, समक्ष जा. मला मॅनेजरसाहेब म्हणाले, "वरून आलंय." मी विचारलं, वरून म्हणजे कुठल्या कार्यालयातून, पत्राची तारीख काय, नंबर काय? पाच मिनिटं शांतता होती. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रिन्युअलची तारीख उलटून पाच महिने झाले होते, आमची ऑडिटेड बॅलन्सशीट आली नव्हती, आणि विभागीय कार्यालयाने जीएसटी रिटर्नवरच्या विक्रीनुसार लिमिट खाली आणली होती. तीन आठवड्यांनी हेही कळलं की पत्र निघालं होतं, पण चिंचवडच्या ज्या भाड्याच्या शेडमधून आम्ही कधीच बाहेर पडलो होतो त्या पत्त्यावर. पत्ता बदलल्याचा अर्ज आम्ही दिलेला होता; पोच मात्र घेतलेली नव्हती.

त्याच भेटीत पगारापुरती तात्पुरती, म्हणजे अ‍ॅडहॉक लिमिट मागा. आम्हाला पाच लाख मिळाले, ४५ दिवसांसाठी. शाखाधिकाऱ्याच्या हातात थोडा अधिकार असतो, पण त्यासाठी त्याला कागद लागतो: पगारपत्रक, हातातल्या ऑर्डरी, येणाऱ्या पैशांची तारीखवार यादी. या तीन गोष्टी घेऊनच जा.

पत्रात काय लिहायचं?

राग नको आणि इतिहास नको. 'गेली पंचवीस वर्षे आम्ही आपले निष्ठावान ग्राहक' हे वाक्य कुणी वाचत नाही. आमचं पत्र साधारण असं होतं:

'आमच्या कॅश क्रेडिट खात्याची मंजूर मर्यादा ४० लाख रुपये असून ती ३० लाख रुपये करण्यात आल्याचे आज निदर्शनास आले. याबाबत आम्हास पूर्वसूचना मिळालेली नाही. कृपया निर्णयाची तारीख, कारण, निर्णय घेणारे कार्यालय आणि पाठवलेल्या सूचनेची प्रत द्यावी. मर्यादेवरील एक लाख रुपये आम्ही सात दिवसांत भरत आहोत. मर्यादा ४० वरून ३० लाखांवर टप्प्याटप्प्याने आणण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळावी. या काळात जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेतील १० टक्के आपण वळते करून घ्यावेत व उर्वरित रक्कम व्यवसायासाठी उपलब्ध ठेवावी.'

शेवटच्या वाक्याला बँकेच्या भाषेत 'होल्डिंग ऑन ऑपरेशन्स' म्हणतात. हा शब्द वापरा, समोरच्याला लगेच कळतं. ही सोय मिळाली नाही तर गिऱ्हाइकाकडून येणारा प्रत्येक रुपया जुन्या उचलीत जिरतो आणि कच्चा माल घ्यायला हातात काही राहत नाही. चालू धंदा बंद पडतो तो इथे.

पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि तेच ईमेलनेही. पुढचं सगळं या शिक्क्यावर चालतं.

वसुली दुसऱ्या बँकेतल्या खात्यात घेतली तर?

मोह होतो, मला माहीत आहे. पण विक्रीचे पैसे सीसी खात्यातूनच फिरवायची अट बहुतेक लेटरमध्ये असते. ती मोडली तर उद्या तक्रारीत तुमचीच बाजू लंगडी पडते आणि 'पैसे वळवले' हा शेरा तुमच्या नावावर बसतो. पगारापुरती रक्कम वेगळी ठेवायची असेल तर तसं लेखी कळवून करा.

त्याच बँकेत तुमची एफडी असेल तर तीही लक्षात ठेवा. करार कायद्याच्या कलम १७१ नुसार बँकेला आपल्या ताब्यातल्या ठेवीवर सर्वसाधारण धारणाधिकार असतो.

चेक परत गेला. माझ्यावर १३८ ची केस होईल का?

होऊ शकते. परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ मध्ये खात्यात पैसे कमी असणं जसं आहे, तसंच बँकेशी ठरलेल्या व्यवस्थेपेक्षा चेकची रक्कम जास्त असणंही आहे. 'एक्सीड्स अरेंजमेंट' म्हणजे तेच. पण केस लगेच होत नाही. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने लेखी नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे दिले तर गुन्हा होत नाही. नोटीस आली की उत्तर देत बसण्यापेक्षा पैसे द्या, आणि चेकने नाही तर आरटीजीएसने, म्हणजे पुरावा राहतो.

उलट बाजूनेही एक कलम आहे. कलम ३१ नुसार खात्यात चेकपुरते पैसे असूनही बँकेने तो वटवला नाही तर चेक काढणाऱ्याचं झालेलं नुकसान बँकेने भरून द्यायचं असतं. लिमिट कापल्याचं तुम्हाला कळण्याआधी जुन्या लिमिटच्या आत काढलेला चेक परत गेला असेल तर वकिलाला हा मुद्दा नक्की विचारा. निदान चेक रिटर्नचे चार्जेस परत मागाच. आम्हाला ते मिळाले.

खातं एनपीए होईल का, आणि किती दिवसांत?

उचल लिमिट किंवा डीपीच्या वर सलग ९० दिवस राहिली तर होतं. उचल लिमिटच्या आत असूनही सलग ९० दिवस खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जमा रक्कम त्या काळातल्या व्याजालाही पुरली नाही, तरी होतं. रिन्युअल देय तारखेनंतर १८० दिवसांत झालं नाही तर तेही एनपीएचं कारण ठरतं. आमचे पाच महिने झाले होते, म्हणजे जेमतेम एक महिना उरला होता.

लिमिट अचानक खाली आली की काल नियमित असलेलं खातं आज 'वर' जातं आणि घड्याळ त्याच दिवसापासून सुरू होतं. ३० दिवस उलटले की एसएमए-१ (स्पेशल मेन्शन अकाउंट, म्हणजे अडचणीत जाऊ लागलेलं खातं), ६० उलटले की एसएमए-२, आणि ही नोंद इतर बँकांना दिसते. म्हणून वरची रक्कम थोडी असेल तर उसनवार करूनही आधी ती भरा, मग भांडा.

एनपीए झाल्यावर सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारणावरून वसुली करू देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ताबा घेण्याची कारवाई सुरू झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. आपल्याकडे ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) आहेत. या टप्प्यावर वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

उद्यम नोंदणी असल्याचा काही फायदा होतो का?

होतो, आणि फार थोडे लोक तो घेतात. अडचणीतल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी (एमएसएमई) रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये एक चौकट घालून दिली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू आहे. खातं एनपीए होण्याआधीच बँकेने अडचण ओळखायची, १० लाखांच्या वरचं प्रकरण समितीपुढे न्यायचं, आणि हप्ते-मुदत सुधारणं किंवा पुनर्रचना करता येते का ते पाहायचं. उद्योजकालाही स्वतःहून अर्ज करता येतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रो निट्सच्या प्रकरणात ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचं सांगितलं. मात्र आपण एमएसएमई आहोत याचे कागद उद्योजकाने वेळेत पुढे करायला हवेत, हेही सांगितलं. तेव्हा पहिल्याच पत्राला उद्यम प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि या चौकटीचा उल्लेख करा.

लिमिट किती असावी यावरही बोलता येतं. लघुउद्योगांना पाच कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी नायक समितीच्या पद्धतीने वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल मिळावं असा दंडक आहे. दीड कोटीची विक्री धरली तर ३० लाख. आमच्याच बाबतीत हिशोब केला तेव्हा बँकेचा आकडा अगदीच हवेतला नव्हता, हे मला मान्य करावं लागलं. नव्या ऑर्डरी दाखवून तो वाढवून घ्यावा लागला.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते का?

येते, फुकट आहे, पण शब्द जपून वापरा. 'माझी लिमिट परत द्या' अशी तक्रार फेटाळली जाते, कारण बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपालाच्या कक्षेत येत नाही. 'मला सूचना दिली नाही, कारण विचारलं तर उत्तर दिलं नाही, चुकीचे चार्जेस लावले' ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती ऐकली जाते. आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस संकेतस्थळावर ऑनलाइन, किंवा चंडीगडच्या केंद्रात टपालाने. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकिलामार्फत तक्रार केलेली चालत नाही. स्वतःच्या सहीने करा. तोच विषय कोर्टात असेल तरीही घेतली जात नाही.

माझं खातं सहकारी बँकेत आहे.

शेड्युल्ड नागरी सहकारी बँका आणि ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या इतर नागरी सहकारी बँका लोकपालाच्या कक्षेत येतात. पतसंस्था येत नाहीत. तिथली तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.

सहकारी बँकेत आणखी एक धोका असतो, ज्यात तुमची काडीची चूक नसते. रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध लावले की परवानगीशिवाय नवं कर्ज देता येत नाही आणि जुनं रिन्यूही करता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेचं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं असंच झालं. ठेवीदारांच्या रांगा टीव्हीवर दिसल्या. पण त्याच बँकांतल्या खात्यांवर धंदा चालवणाऱ्यांचीही कोंडी होते, त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. अशा वेळी शाखेत वाद घालण्यात दिवस घालवू नका, निर्बंधांचा आदेश वाचा. ठेव आणि कर्ज दोन्ही तिथेच असेल तर ठेवीतून कर्ज वळतं करायची मुभा बऱ्याचदा त्यात दिलेली असते.

पगाराच्या खात्यावरची किंवा जनधनची ओडी बंद झाली तर?

पगारावरची ओडी पगार येतो तोवरच. नोकरी बदलली की ती जाते, हे गृहीत धरून चाला. जनधन खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांची ओडी मिळते आणि ती खात्याच्या व्यवहारावर अवलंबून असते. एफडीवरची ओडी अचानक गेली तर मात्र लगेच विचारा: बहुतेक वेळा एफडीची मुदत संपून ती नव्या नंबरने रिन्यू झालेली असते आणि जोडणी तुटलेली असते. अर्ध्या तासाचं काम.

तोवर पैसा कुठून आणायचा?

आपल्याच येण्यांतून. मोठ्या कंपन्यांकडे बिलं अडकली असतील आणि त्या ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिलं वटवायची ऑनलाइन सोय) असतील तर तिथे बिल डिस्काउंट करता येतं. ४५ दिवसांच्या वर पैसे थकवणाऱ्यांविरुद्ध एमएसएमई समाधान पोर्टलवर अर्ज करता येतो. बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. हा हक्क उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

सावकाराकडे जाऊ नका. हात जोडून सांगतो. माझ्या ओळखीच्या एकाने लिमिट कापल्यावर महिना पाच टक्क्यांनी पैसे घेतले. बँकेशी मिटलं, सावकाराशी मिटायला लेथ मशीन विकावं लागलं. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पैसे घेताना कुणी परवाना विचारत नाही.

सरळ दुसऱ्या बँकेत खातं नेलं तर?

खातं नियमित असताना न्या. एसएमएची नोंद चढल्यावर टेकओव्हर करायला कुणी पुढे येत नाही. बारा महिन्यांचं स्टेटमेंट, तीन वर्षांच्या बॅलन्सशीट, जीएसटी रिटर्न आणि आपला क्रेडिट रिपोर्ट आधी तपासा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा रिन्यू झालेल्या सीसी-ओडीला एक चांगला नियम आहे: करारातल्या मुदतीआधी 'रिन्यू करायचं नाही' असं कळवून देय तारखेला खातं बंद केलं तर प्रीपेमेंट चार्ज लावता येत नाही. तारीख चुकवू नका.

पैसे भरले, पण घराचे कागद परत मिळेनात.

सगळं कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेमुळे उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. व्यक्तींना दिलेल्या घर, शिक्षण अशा वैयक्तिक कर्जांसाठी हा नियम आहे. धंद्याचं कर्ज असेल तर सँक्शन लेटरमधली कागद परत देण्याची अट पाहा. फेडीची तारीख असलेलं 'नो ड्यूज' पत्र त्याच दिवशी मागून घ्या आणि कागद हातात येतील तेव्हा जुनी यादी समोर ठेवून एक एक पान मोजून घ्या. इंडेक्स टू आणि सातबारा बहुतेक वेळा असतो, मूळ खरेदीखताची नोंदणी पावती मात्र हरवलेली असते.